आधी पांदण मोकळी करा, मग सायकल ट्रॅकचं बोला

मंडळी, आज पोस्ट लांब आहे. चहा ठेवून वाचा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

औंढ्याच्या डोंगरात सायकल ट्रॅक व्हायला पाहिजे, अशी चर्चा आपल्या ग्रुपवर अधूनमधून उठते. कुणीतरी इंग्लंडमधला व्हिडिओ टाकतं. हिरवे डोंगर, त्यातून गेलेली अरुंद वाट, हेल्मेट घातलेले दोघं-तिघं दगडगोट्यांवरून सायकली सोडतायत. खाली पन्नास अंगठे. 'निसर्ग आपल्याकडं पण आहे, इच्छाशक्ती नाही.' मग कुणीतरी पुढाऱ्याला टॅग करतं, पुढाऱ्याचा पोरगा हात जोडल्याचं चित्र टाकतो आणि विषय पुढच्या व्हिडिओपर्यंत झोपी जातो.

मला ही मागणी आवडते. मी स्वतः जुनी गिअरची सायकल घेऊन चार वर्षं या डोंगरात फिरतोय. पण 'ट्रॅक बांधा' या शब्दाला माझा विरोध आहे आणि का आहे ते आज सविस्तर सांगतो.

आपल्याकडं पर्यटन विकास म्हटला की काय होतं, हे सांगायला पत्रकार लागत नाही. आधी कमान येते. कमानीवर नावं येतात, आणि नावांचा क्रम ठरवण्यात सहा महिने जातात. मग पेव्हर ब्लॉक, मग सिमेंटचं हरीण, मग 'आय लव्ह' लिहिलेला सेल्फी पॉइंट. ओपन जिमचं एखादं यंत्र, त्यावर दोन वर्षांनी वाळत घातलेले कपडे. डोंगरात सायकल ट्रॅक मागितला, तर डोंगरात पेव्हर ब्लॉक मिळेल. एका पावसाळ्यात तो निम्मा खाली वाहून येईल आणि दुरुस्तीची निविदा निघेल. ठेकेदाराची सोय झाली, सायकलवाला पुन्हा हायवेच्या कडेला.

आता त्या व्हिडिओतल्या वाटेबद्दल. ती कुणी बांधली? बहुतेक ठिकाणी उत्तर आहे, कुणीच नाही. ती जुनी घोडेवाट आहे. घोडेस्वार, मेंढपाळ, बाजाराला जाणारी माणसं शेकडो वर्षं ज्या वाटांनी गेली त्या वाटा. त्या देशानं एवढंच केलं की १९४९ साली कायदा करून या वाटा नकाशावर पक्क्या नोंदवायला लावल्या. एकदा नकाशावर आली की ती सार्वजनिक, मग रान कुणाचंही असो. १९६८ च्या कायद्यानं घोडेवाटेवर सायकलला हक्क दिला. अट एकच, पायी चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी जाऊ द्यायचं. मोटार चालत नाही. दक्षिणेतली साउथ डाउन्स वे नावाची वाट विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत जवळपास १६० किलोमीटर आहे आणि ती सगळी सायकलनं करता येते. शेतांतून, मेंढ्यांच्या कुरणांतून, टेकड्यांच्या माथ्यावरून. अर्ध्या महाराष्ट्राला जी 'परदेशी सुविधा' वाटते, ती मुळात महसुली नोंद आहे.

आणि ही नोंद त्यांनाही कुणी प्रेमानं दिली नाही. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडच्या कामगार पोरांनी किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर बंदी मोडून चढाई केली. जमीनदारांनी तो डोंगर शिकारीसाठी राखून ठेवला होता. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. सतरा वर्षांनी कायदा आला. आजही तिथले सायकलवाले सुखात आहेत असं नाही. इंग्लंडमधल्या सार्वजनिक वाटांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्यावर सायकलला हक्क आहे. हजारो किलोमीटर जुन्या वाटा अजून नोंदवायच्या राहिल्यात, म्हणून तिथली माणसं जुने नकाशे धुंडाळत बसतात.

आता घरी येऊ.

आपल्या जिल्ह्यात वसमतकडचा पट्टा सपाट, कालव्याचा. पण सेनगाव, औंढा, कळमनुरी या भागात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे पसरलेत. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना 'हिंगोली डोंगर' हा एक मार्काचा प्रश्न म्हणून पाठ असतो. परीक्षा संपली की डोंगरही संपला. फार उंच नाही हा डोंगर, सह्याद्रीसारखे कडे नाहीत. आणि नेमकं तेच सायकलला चांगलं. लहान लहान चढ, वर मुरमाड माळ, मधेच पळस आणि सागाचं रान, खाली काळं रान, मग नाला, मग पुन्हा चढ. एकीकडं पूर्णेवर सिद्धेश्वर धरण, दुसरीकडं पैनगंगेवर इसापूर, मधून कयाधू. कयाधूच्या काठी नर्सी, नामदेवरायांचं गाव. औंढ्याला नागनाथ. दोन तीर्थं, दोन धरणं आणि मधे डोंगर, हे सगळं एका दिवसाच्या सायकलच्या टप्प्यात. नामदेव महाराजांच्या नावानं पंढरपूर ते थेट पंजाबातल्या घुमानपर्यंत सायकलवारी निघते. आणि नर्सीहून औंढ्याला डोंगरातल्या वाटेनं सायकल नेईन म्हटलं, तर माणसं तुमच्याकडं बघत राहतात.

वाटा नाहीत म्हणून नव्हे. वाटा आहेत. गावनकाशा काढून बघा. प्रत्येक गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात असतो, नक्कल मिळते. त्यात तुटक रेषा दिसतील. दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, म्हणजे आपली गाडवाट. एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग. नकाशावर रुंदी लिहिलेली नसेल तर गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्ग सव्वाआठ फूट धरायचा, हे सरकारी कागदात स्पष्ट आहे. सव्वाआठ फूट! इंग्लंडमध्ये शेताच्या मधून जाणाऱ्या घोडेवाटेची किमान रुंदी दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांच्या आसपास. म्हणजे आपल्या बापजाद्यांनी पायी चालणाऱ्याला जेवढी वाट ठेवली, ती त्यांच्या घोड्याच्या वाटेपेक्षा मोठी आहे. कागदावर.

जागेवर काय आहे?

मागच्या हिवाळ्यात सेनगाव तालुक्यातल्या एका गावातून मी अशी एक गाडवाट धरली. नकाशाचा फोटो मोबाईलमध्ये. पहिला अर्धा किलोमीटर झकास, दोन्ही बाजूंनी बांध, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या. मग एका बाजूचा बांध वाटेत सरकलेला. मग दुसऱ्या बाजूचा. सव्वाआठ फुटांची चार फूट झाली, चाराची दोन झाली. आणि एका वळणावर वाट सरळ हरभऱ्यात शिरली आणि संपली. पुढं झटका मशीनची तार. रोही आणि रानडुकरांसाठी लावलेली, तिच्यात माणसाला धरायची पण तेवढीच तयारी. रानात एक बाबा होते. म्हणले, 'कुठं चाललाव?' म्हटलं, बाबा, वाट शोधतोय, नकाशावर इथून वाट आहे. ते हसले. 'नकाशावर हाय की. पर नकाशाला खायला लागत नाही, मला लागतं.'

या वाक्यावर मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. बाबांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. दोन एकराच्या माणसानं पोटहिश्श्यात वाटणी होताना दोन तास वाटेत सरकवले, तर ते हावरटपणानं असतं असं नाही. चार भावांत रान वाटलं, प्रत्येकाच्या वाट्याला पट्टी आली, त्या पट्टीत जाण्यापुरती वाट उरली, ती पण शेवटी पेरली. हा माणूस चोर नाही. पण त्याच वाटेच्या वरच्या अंगाला ज्याचं रान आहे, त्याची सोयाबीनची सुडी ऑक्टोबरात पावसात भिजते, कारण मळणी यंत्र तिथवर जात नाही. हळद डोक्यावर आणावी लागते. त्या घरातलं कुणी आजारी पडलं तर बाजेवर आणतात. तो पण दोन एकराचाच आहे.

आणि तिसरा एक माणूस असतो, ज्याचं नाव गावात कुणी मोठ्यानं घेत नाही. त्यानं वाटेवर विहीर घेतली, वाटेला तारेचं कंपाउंड केलं, वर गेट लावलं. त्याला दोन एकर कमी पडत नाहीत. त्याला विचारायची कुणाची हिंमत नाही, एवढंच. गावोगावी वाटा मोडल्या त्या पहिल्या माणसाच्या भुकेनं कमी आणि या तिसऱ्याच्या गेटानं जास्त, असं माझं मत आहे. गरीब माणूस वाट अरुंद करतो. वाट बंद करतो तो वेगळा.

सरकारी कागदात हिला पाणंद म्हणतात, आपण पांदण म्हणतो. कायदा काय म्हणतो? १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम ५. वाट अडवली तर तहसीलदाराकडं अर्ज करायचा, तो अडथळा काढायचा आदेश देऊ शकतो. फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३, बांधावरून वाट मागता येते. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीतून काम करायचं म्हणून. मे २०२५ मध्ये शासन निर्णय आला की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात घ्यावी. म्हणजे कागद कमी नाहीत. ११९ वर्षांत आपण कागदाला कागद जोडत आलो. तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. वाट तशीच हरभऱ्यात संपते.

त्यांच्या आणि आपल्या कायद्यात फरक एका गोष्टीचा आहे. आपल्या कलम ५ मध्ये भांडण दोन शेतकऱ्यांचं असतं. ज्याची वाट अडली त्यानं अर्ज करायचा, त्यानं तारखा करायच्या, त्यानंच शेजाऱ्याशी आयुष्यभराचं वैर घ्यायचं. इंग्लंडमध्ये शेतातून जाणारी वाट शेतकऱ्यानं नांगरली तर त्याला चौदा दिवसांत ती परत चालण्यासारखी करून द्यावी लागते आणि बांधाच्या कडेची असेल तर नांगरताच येत नाही. लक्ष ठेवायची जबाबदारी तिथल्या स्थानिक प्रशासनाची. वाट सगळ्यांची, म्हणून ती मोडणं हा सगळ्यांचा प्रश्न. शेतकरी तिथंही पेरतोच, वाट सोडून पेरतो.

मला कुणी म्हणेल, 'पत्रकार साहेब, सायकलच्या नावाखाली तुम्ही पांदण रस्त्याचं राजकारण करायलाव.' हो, करतोय. कारण हा एकच विषय आहे. पुण्याहून लाख रुपयांची सायकल घेऊन येणारा माणूस आणि मानव विकासच्या सायकलवर शाळेत जाणारी आठवीतली पोरगी, दोघांना लागणारी वाट एकच आहे. त्या पोरीबद्दल जरा बोलू. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकलीला पैसे मिळतात. चांगली योजना आहे, मी तिच्यावर दोन-तीन बातम्या केल्यात. पण तांड्यावरून शाळेत यायला डोंगराच्या अंगानं दोन किलोमीटरची वाट होती, ती मोडली. आता डांबरी रस्त्यानं वळसा घालून यायचं, त्यावर मुरमाचे टिप्पर. घरचे म्हणतात, नको ती सायकल, मामाच्या गाडीवर जा. सायकल ओसरीत, वर धान्याची पोती. सरकारनं सायकल दिली आणि वाट द्यायची राहिली.

टिप्पर हा शब्द आला म्हणून एक इशारा देऊन ठेवतो. पांदण मोकळी झाली की त्यावर पहिली गाडी कुणाची जाईल? बैलगाडी जाईल असं वाटत असेल तर तुम्ही फार भोळे आहात. मुरूम काढणारा जाईल. ज्या डोंगरात वाट नाही म्हणून डोंगर शिल्लक आहे, तिथं एकवीस फुटांची पक्की वाट करून देणं म्हणजे जेसीबीला आवतण. म्हणून मी म्हणतो, सगळ्या वाटा एका मापानं मोजू नका. शेतीची वाट ट्रॅक्टर जाईल एवढी करा, खडी-मुरूम टाका, ते हक्काचं आहे. पण माळावरची, रानातली जी एकेरी तुटक रेष आहे ती तशीच ठेवा. तोंडाला दोन दगडी खांब रोवा, मधे चार फूट जागा. माणूस जाईल, शेळ्या जातील, बैल जाईल, सायकल जाईल. चारचाकी जाणार नाही. दोन खांबांना काही कोटीची निविदा लागत नाही आणि मला शंका आहे की हाच त्यांचा सगळ्यात मोठा दोष ठरेल.

डोंगरातली सायकलची वाट कशी असते हे पण सांगतो, कारण आपल्याकडं रस्ता म्हणजे सरळ रेष असा समज आहे. वाट उभी खाली सोडली की पावसाचं पाणी तिलाच नाला समजतं. दोन पावसांत गुडघाभर घळ पडते. वाट डोंगराला आडवी, वळसे घेत न्यायची. जाणकारांचा ढोबळ नियम असा की डोंगराचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्यापेक्षा वाट तीव्र नसावी आणि सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत ठेवावा. बाहेरच्या बाजूला किंचित कल, म्हणजे पाणी वाटेवर न थांबता आडवं निघून जातं. आता आपल्या गुराख्यांच्या वाटा आठवा. गुरं कधी उभी चढतात का? आडवी जातात, वळसे घेत. ज्या वाटेवर शंभर वर्षं गुरं चालली ती वाट कुठल्याही इंजिनिअरच्या आखणीपेक्षा चांगली आखलेली असते. फक्त तिच्यावरच्या येड्या बाभळी काढा. सायकलचा टायर दगडाला भीत नाही, बाभळीच्या काट्याला भितो. मी एका सकाळी सात पंक्चर काढलेत.

आणि जून ते सप्टेंबर काळ्या रानातल्या वाटेवर कुणी सायकल नेऊ नये. माती चाकात आणि चिमट्यात अशी बसते की सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं आणि आपण गेल्यावर शेतकऱ्याला त्या खोल चाकोऱ्या वर्षभर पुरतात. पावसाळ्यात वरचा मुरमाड माळ चालतो, पाणी लगेच निथळतं. दिवाळीनंतर होळीपर्यंत सगळीकडं फिरा. वनविभागाच्या हद्दीत परवानगी घेऊन, ठरलेल्या वाटेनं. ससे, मोर, रोही यांची पण ती वाट आहे.

'हिंगोलीला कोण येणार सायकल चालवायला?' हा पुढचा प्रश्न. थोडा कमीपणाच्या सवयीतून येतो. १ मे १९९९ ला जिल्हा झाला, पण अजून आपली मान परभणीच्या आणि नांदेडच्या दिशेनं वळलेली असते. औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो उभं राहतंय. एप्रिल २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. जगातून शास्त्रज्ञ येतील आणि त्यातले पुष्कळ सायकलवर फिरणाऱ्या देशांतले असतील. त्या यंत्राचा सगळ्यात मोठा शत्रू जमिनीचं हादरणं. तेव्हा औंढ्याच्या आसपास जे वाहन अजिबात जमीन हादरवत नाही ते सायकल आहे, हे निदान तेवढ्या साहेबांना तरी पटेल. राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरणही आहे. औंढ्याला दर्शनाला येणारी गर्दी तर आहेच. ती दर्शन घेते, रस पिते आणि निघून जाते. डोंगरातल्या एखाद्या गावात दोन खोल्या, पिठलं-भाकरी, हळदीचं पाकीट आणि पंक्चर काढणारा एक पोरगा, एवढ्यावर एक-दोन घरं उभी राहू शकतात. जास्तीचं स्वप्न मी दाखवणार नाही. डोंगरातल्या सायकलीनं जिल्ह्याची बेकारी हटणार नाही. वाट मोकळी झाली तर सोयाबीन घरी येईल, पोरगी शाळेत जाईल आणि वरून चार पाहुणे येतील, या क्रमानं.

पुण्याचं उदाहरण देऊन मला गप्प करायचा प्रयत्न होतो, म्हणून तेही. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात ग्रँड टूर झाली. ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत, देशोदेशीचे सायकलपटू. त्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले. चांगली गोष्ट आहे, नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ ला अमेरिकेतली रॅम शर्यत पूर्ण केली तेव्हापासून महाराष्ट्र सायकलीकडं वेगळ्या नजरेनं बघतोय. पण शर्यतीचा रस्ता आणि रोजची वाट या दोन गोष्टी आहेत. पाहुणे येणार म्हणून केलेला रस्ता पाहुण्यांबरोबर जातो, हे आपण मंत्र्यांच्या दौऱ्यांत पन्नास वेळा पाहिलंय. हेलिपॅडला जाणारा रस्ता बघा कधी.

आणि एक विसंगती, जी मला झोपू देत नाही. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरचा, आपल्या जिल्ह्यातून जाणारा, औंढ्याच्या नावानं. त्याच्यासाठी मोजणी होते, पोलीस बंदोबस्त येतो, ड्रोन उडतो, शेतकरी नको म्हणतो तरी गट नंबर निघतात. ज्या यंत्रणेला शेतकऱ्याची स्वतःची जमीन शोधून मोजता येते, तिला सरकारचीच, नकाशावरची, सव्वाआठ फुटांची वाट मात्र सापडत नाही. मोजणी करायला माणूस नाही, बंदोबस्ताला पोलीस नाही, नकाशा जीर्ण झालाय. महामार्गाला विरोध करणारे शेतकरी विकासाच्या आड येतात म्हणे. माझ्या ओळखीतल्या त्यांतल्या बऱ्याच जणांची एक साधी मागणी आहे, आधी आमच्या रानात जायला वाट द्या. औंढ्याला तीर्थयात्रा घडवायची तर ताशी शंभरनं जाणाऱ्या गाडीची एवढी काळजी, आणि नर्सीहून पायी निघालेल्या माणसाला नवीन चौपदरीच्या कडेला पांढऱ्या पट्ट्याबाहेर चालावं लागतं.

हिंगोलीला घोड्यांची वाट परकी नाही, हे एक जाता जाता. आपल्या शहरात रिसाला आहे, पलटन आहे, तोफखाना आहे, पेन्शनपुरा आहे. निजामाच्या काळात इथं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. रिसाला म्हणजे घोडदळ. इंग्रज अधिकारी याच माळांवर घोडी फिरवत. त्यांच्या देशात घोडेवाट कायद्यानं जिवंत राहिली आणि तिच्यावर आता सायकली चालतात. आपल्याकडं रिसाल्याचं नाव राहिलं आणि त्यावर प्लॉटिंग झालं.

आता काय करायचं. मी काही आंदोलनाचा माणूस नाही, पण एवढं करता येईल. १ मे ला ग्रामसभा असते, तोच आपल्या जिल्ह्याचा वाढदिवस. त्या दिवशी डोंगरपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं गावनकाशा मोठा करून भिंतीवर लावावा, तुटक रेषा लाल रंगानं रंगवून. फक्त लावावा. कुणावर केस नको, कुणाचं नाव नको. भिंतीवर नकाशा आला की चावडीवर म्हातारी माणसं बोलायला लागतात. 'इथून नर्सीची वाट होती.' 'हिच्यावरून आम्ही औंढ्याच्या जत्रेला जात होतो.' त्या बोलण्यात जेवढा पुरावा निघतो तेवढा तहसीलच्या फायलीत निघत नाही. मग ज्या वाटा वादाशिवाय मोकळ्या होऊ शकतात त्या आधी घ्या: गायरानातून, माळावरून, रानाच्या कडेनं जाणाऱ्या. दोन एकरवाल्याच्या हरभऱ्याला शेवटी हात लावा आणि त्याला आधी पुरेसा वेळ द्या, पेरणीच्या आधी सांगा, उभ्या पिकात ट्रॅक्टर घालू नका. गेटवाल्यापासून सुरुवात केलीत तर गाव तुमच्या मागं येईल. हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे.

सायकल ग्रुपवाल्या मित्रांना एक विनंती. रविवारी सकाळी हायवेनं वारंगा फाट्यापर्यंत जाऊन पोहे खाऊन यायचं, फोटो टाकायचा, हे आपण खूप केलं. महिन्यातला एक रविवार एका गावाला द्या. नकाशा घेऊन जा, गावातली दोन पोरं बरोबर घ्या, वाट कुठवर चालते आणि कुठं अडते ते मोबाईलवर नोंदवा. रानात उभ्या माणसाला आधी रामराम घाला, मग वाट विचारा. आपण त्याच्या बांधावर आहोत.

गावनकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळते. ज्यांनी काढली आहे त्यांनी खाली गावाचं नाव आणि कुठली वाट कुठवर चालू आहे एवढं लिहा. कुणी अडवली, त्याचं नाव कमेंटमध्ये लिहू नका, मी डिलीट करीन. येत्या रविवारी मी सेनगावकडच्या त्याच वाटेनं पुन्हा जाणार आहे, दुसऱ्या बाजूनं. बाबांना सांगून ठेवलंय. ज्यांना यायचं त्यांनी पाणी, पंप आणि दोन ट्यूब जास्तीच्या घेऊन या.